विशाखाने कॉलेज सोडलं

चिंचवड,
फेब्रुवारी १९७८

ती. आईस,
मृदुलाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. खोली हवेशीर आहे, जेवणाची आबाळ नाही. नानांचा खोकला कसा आहे?

विशाखा गायकवाडबद्दल तू दर पत्रात विचारतेस. लहानपणी तापात कान गेलेली, ओठ बघून बोलणं समजून घेणारी माझी विद्यार्थिनी. शिकवताना मी तिच्याकडे तोंड करून उभी राहायचे, नवे शब्द फळ्यावर लिहायचे. इतरांनाही तसं करायला सांगून पाहिलं. एक प्राध्यापक म्हणाले, "बाकी वर्ग सोडून एकीसाठी शिकवू का?"

परवा तोंडी परीक्षा झाली. परीक्षक कागदात मान घालूनच प्रश्न विचारत होते. तिला एकही कळला नाही. त्यांनी नापास केलं. मी प्राचार्यांकडे गेले, तिला प्रश्न लिहून द्या म्हटलं. ते म्हणाले, "तशी पद्धत नाही, बाई."

काल तिचे वडील शिफ्ट संपवून, कंपनीच्या कपड्यांतच, तिचं नाव काढून घ्यायला आले. मी खूप विनवलं. ते म्हणाले, "बाई, तुमी लई केलं. पण पोरगी रोज रडत घरी येती. आता न्हाई पाठवत."

विशाखा पाया पडली आणि दाराशी थांबली. म्हणाली, "बाई, दिवसभरात तुमचा एकच तास मला ऐकू यायचा."



शिमग्याला दोन दिवस येईन. तेव्हा काही विचारू नकोस, नुसती जवळ बस.

तुझी,
मृदुला