फळ्यावरची चिकोरी

तंजावूर,
१४ जुलै १९९९

चि. सुंदर यास गुरुमूर्तीकाकाचे पोटभर आशीर्वाद. (पोटभर अशासाठी, की पुण्याच्या मेसमध्ये दुसरं काही पोटभर मिळत नसणार.) तुझा खोकला गेला का? पावसात डोकं भिजवू नकोस, त्यात आता मॅनेजमेंटची विद्या आहे. इकडे माझा गुडघा दुखतो, तुझ्या काकूचा, म्हणजे कृष्णवेणीचा, रक्तदाब वर आहे आणि धंदा पार बसला आहे. तिघांपैकी औषध फक्त पहिल्या दोघांना मिळालं.

पोंगलला तू आला होतास तेव्हा आपल्या कॉफीपुडीच्या दुकानासमोर ते काचेच्या दाराचं, थंड हवेचं सुपरमार्केट नुकतंच उघडलं होतं. मद्रासपासून मदुराईपर्यंत त्यांची म्हणे वीस दुकानं. तू म्हणालास, काका, त्यांना गिऱ्हाईक ओळखू येत नाही, तुम्हाला येतं. तेच लोकांना दिसू द्या. मला ते पटलं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या चुका मला आधी पटलेल्याच होत्या.

आता माझ्या बाबांची रीत तुला ठाऊक नसेल. चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळायची स्वस्त मुळांची पूड, पण गिऱ्हाईक ती कधी तोंडानं मागत नसे. काउंटरवर हात ठेवून नुसती बोटं दाखवायची. दोन बोटं म्हणजे वीस टक्के, तीन म्हणजे तीस. बाबा ती बघत आणि मग छताकडे पाहत दळायला लागत. आपल्या गावात माणूस मुलगा नापास झाल्याचं सांगेल, पण कॉफीत चिकोरी किती घालतो ते सख्ख्या भावाला सांगणार नाही. हे सगळं मला चाळीस वर्षं माहीत होतं. तरी मी मोठा फळा रंगवून घेतला, वर लिहिलं ‘आम्ही तुमची चव ओळखतो’, आणि खाली एकोणसाठ घरांची नावं, प्रत्येकापुढे चिकोरीचं प्रमाण. तेही तमिळमध्ये, कारण आपल्या तंजावूरच्या मराठी लोकांत देवनागरी वाचणारे उरलेत कितीसे? (देवनागरीत लिहिलं असतं तर आज दुकान चालू असतं.)

आपले निवृत्त हेडमास्तर अनिरुद्धराव तिरुवैयारूच्या नव्या व्याह्यांना घेऊन मुद्दाम दुकानात आले. गेली तीस वर्षं ते लग्नात, सभेत, श्राद्धाच्या पंगतीतसुद्धा सांगत आले, की आमच्या घरात चिकोरीनं उंबरा ओलांडलेला नाही. फळ्यावर त्यांच्या नावापुढे पन्नास टक्के. (त्यांच्या गंगाबाई दर सोमवारी पाच बोटं दाखवत. बिचाऱ्या अनिरुद्धरावांना पत्ताच नव्हता.) त्यांनी विचारलं, “गुरुमूर्ती, हे अमच्या घरचं?” मी छाती काढून म्हणालो, “होय की, तीस वर्षांचं!” व्याही इतके हसले की त्यांना स्टूल द्यावं लागलं. अनिरुद्धराव हसले नाहीत. सरळ रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरले.

आठवड्यात चार घरांत सासू-सुनांचे अबोले सुरू झाले आणि महिन्याभरात एकोणसाठच्या एकोणसाठ घरं समोर गेली. तिथल्या मुली गिऱ्हाइकाच्या तोंडाकडेसुद्धा बघत नाहीत. लोकांना तेच हवं होतं, आणि मी समजत होतो की थंड हवा हवी आहे.

फळा उतरवला. बिनचिकोरीची ताजी पूड घेऊन माफी मागायला अनिरुद्धरावांकडे गेलो. गंगाबाईंनी बसवलं, कॉफी दिली. समोरच्या दुकानातल्या पाकिटाची. अनिरुद्धराव हल्ली चष्मा लावून पाकिटामागचा मजकूर वाचतात आणि मगच ते फोडू देतात. त्यांनी विचारलं, कशी आहे? धुतलेल्या गोणपाटासारखी होती. मी म्हणालो, फार छान. चाळीस वर्षांत कॉफीबद्दल खोटं बोललो ते पहिल्यांदाच. दाराशी गंगाबाई हळूच म्हणाल्या, “अय्यो, तीस वर्षं त्यांना अवडत होती की नाही? मग तुम्ही सांगितलांत कशाला?” मी चपला घातल्या आणि निघालो. लाज मात्र अजून रोज वाटते.

मी तुला दोष देत नाही. (देतो, पण आशीर्वाद आधीच लिहून झाले.) भट्टी महिनाभर थंड आहे. या महिनाअखेर दुकानाला कायमचं कुलूप घालीन म्हणतो.

तुझा काका, कालपर्यंतचा दुकानदार,
गुरुमूर्ती

ता. क. खरं काम राहिलंच. समोरच्या दुकानात ताज्या कॉफीचं काउंटर निघतंय. गिऱ्हाईक ओळखणारा माणूस हवा, असं त्यांच्या मॅनेजरनं मला येऊन सांगितलं. मी हो म्हटलं आहे. टाय बांधावा लागतो. तुझा जुना असेल तर पाठव, आणि गाठ मारूनच पाठव. काकूला यातलं काही कळवू नकोस. सासऱ्यांचं दुकान सोडून नवरा समोर नोकरीला लागला, हे तिच्या रक्तदाबाला झेपायचं नाही.

ता. क. २. पत्र पोस्टात टाकायला तिच्याच हाती देत होतो, तर तिनं विचारलं, टाय निळा मागितलात ना? तो मॅनेजर माझ्याआधी तिला भेटला होता, आणि तिनंही हो सांगून टाकलं होतं. ती तरी नको म्हणेल, अशी माझी फार आशा होती. निळाच पाठव.