गच्चीच्या रजिस्टरात मी लिहिलेलं कारण

ऐरोली, ९ फेब्रुवारी २०२५

ती. उदयसिंहदादांस सा. न.

दिवाळीनंतर एकही पत्र नाही, माफ करा. (फोन करता आला असता, पण फोनवर मला खरं नीट सांगता येत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं बीपी?

दादा, माझ्यावर खुनाचा संशय आला! घाबरावं की खूश व्हावं, हे डायरीतही ठरलेलं नाही.

मी गुपचूप एक रहस्यकादंबरी लिहितेय. तीत सोसायटीच्या सेक्रेटरीचा मृतदेह गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सापडतो. वाचकाला फसवायला नको, म्हणून टाकीचं झाकण एकट्या बाईला उचलता येतं का, ते पाहायला मी तीनदा गच्चीवर गेले. आमच्याकडे रजिस्टरात सही केल्याशिवाय गच्चीची चावी मिळत नाही, आणि सहीशेजारी 'कारण' असा रकाना आहे. बाकीचे 'पापड' लिहितात. मी खरं तेच लिहिलं: 'झाकण उचलून पाहणे', मग 'सेक्रेटरी मावतील का याचा अंदाज', शेवटी 'खुनाची वेळ ठरवणे'.

गुरुवारी आमचे खरेखुरे सेक्रेटरी श्यामसुंदर गायब! फोन बंद. वॉचमन गोटीरामनं रजिस्टर पोलिसांपुढे ठेवलं. अख्खी बिल्डिंग गच्चीवर. चौथ्या मजल्यावरची मोनाली ओरडली, "वैजूताई, आमी सकाळपासून हेच पाणी पितोय ना!" टाकीत नुसतं पाणीच निघालं. (क्षणभर माझी निराशा झाली. तिची चौकशी डायरीत चालू आहे.) हवालदारांनी विचारलं, "मॅडम, त्यांना मारावंसं कधी वाटलं होतं?" मी नीट आठवून सांगितलं, "दोनदा. दोन्ही वेळा पार्किंगच्या मीटिंगमध्ये." त्यांनी ते लिहून घेतलं.

काल श्यामसुंदर करंजाड्याला बहिणीकडे सापडले. रजिस्टर वाचूनच पळाले होते! आता त्यांची तक्रार अशी, की कादंबरीतला मयत म्हणजे तेच, आणि ही सरळ धमकी आहे. १७ तारखेला मला हस्तलिखितासह पोलीस ठाण्यात बोलावलंय. ते जप्त झालं तर तीन वर्षांचं काम गेलं, दादा. दुसरी प्रत नाही.

तुमची,
वैजयंती

ता. क. मयत श्यामसुंदर नव्हेतच, असं मी शपथेवर सांगितलं. ठाण्यातले साहेब म्हणाले, "मग ज्याच्यावरून घेतलाय, त्याचं लेखी आणा."

ता. क. २. दादा, दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका लाल पेनानं दुरुस्त करून वधूपित्याला परत पाठवणारा तो कादंबरीतला मयत तुम्ही आहात. नाव, गाव, नोकरी सगळं बदललंय. स्वभाव बदलला असता तर खुनाला कारणच उरलं नसतं. 'मयत मीच असून माझी हरकत नाही' एवढ्यावर सही हवी. मजकूर कृपया दुरुस्त करू नये.

(डायरी, त्याच रात्री) उद्याचं काम: दादांच्या नावानं स्टॅम्प पेपर आणणे.