एक जूनचा जवान

७ जुलै १९८५
पेपरात टेरिटोरियल आर्मीची जाहिरात. नोकरी सांभाळून लष्कर! वय १८ ते ४२. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९४२, म्हणजे त्रेचाळीस पूर्ण. पण गावच्या मास्तरांनी आमच्या अख्ख्या वर्गाला अंदाजाने एक जूनच लावली होती. आरशात पाहिलं. फार तर चाळीस. बायकोला सांगितलं. कुंदा म्हणाली, आधी माळ्यावरची बॅग काढून दाखवा.

८ जुलै, पहाटे ५.३०
उद्यापासून रोज तीन मैल धावणे. चहा बंद.

९ जुलै
धावलो. दूध केंद्रापर्यंत. तिथे रांगेत उभा राहिलो. तीही शिस्तच. चहा युनिफॉर्म मिळाल्यावर बंद.

११ जुलै
लष्करासाठी कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. विक्रोळीला ऑफिसात पर्सोनेलच्या साहेबांना अर्ज दिला: दाखल्यावरची तारीख चुकीची, रेकॉर्ड दुरुस्त करावं, पुरावा लवकरच देतो. इंग्रजी झकास उतरलं. साहेबांनी विचारलं, नीट विचार केलाय ना? म्हटलं, सैनिक विचार करत बसत नाही.

१४ जुलै, रविवार
बोरीवलीला जयंतीताईकडे. आईची ट्रंक तिच्याकडे असते. जेवताना तिला अर्जाचं सगळं सांगितलं, साहेबांच्या नावासकट. मग ट्रंकेत माझी पत्रिका सापडली. शके १८६१. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. तीनदा मिळवले. १९३९!
ताई म्हणाली, अरे, तुला शाळेत उशिरा घातला ना, म्हणून बाबांनीच मास्तरांना सांगून तीन वर्षं कमी लावून घेतली.
म्हणजे मी शेहेचाळीस. आमच्याकडे रिटायर अठ्ठावन्नला करतात. दोन हजार सालाऐवजी सत्त्याण्णवलाच घरी!

१५ जुलै
अर्ज मागे घ्यायला गेलो. साहेब दोन दिवस रजेवर. बरंच झालं. पुरावाच दिला नाही तर अर्ज आपोआप मरेल. पत्रिका ताईकडेच ठेवलीय. लष्कराचं नुकसान झालं, त्याला माझा इलाज नाही. कुंदाला यातलं काही सांगायचं नाही.

१९ जुलै
साहेबांनी बोलावून अभिनंदन केलं. काल मी जेवणाच्या सुट्टीत असताना ताई येऊन गेली. धाकट्या भावाचं काम अडू नये म्हणून बोरीवलीहून एकटी, पत्रिका घेऊन. शपथपत्रावर सहीसुद्धा केली. रेकॉर्ड दुरुस्त झालं. ना-हरकत पत्रही साहेबांनी हातात दिलं. त्यावर लाल शाईत: वय ४६.