सगळ्यांची कंबर चौतीस

३ जून, सोमवार
आजपासून अभ्यास. मेहुण्याने त्याच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकलाय. सतरा तारखेला इंटरव्ह्यू, एसक्यूएल विचारतात म्हणे, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा. गोदामातली नोकरी गेल्यापासून घर हिच्या शिलाई मशीनवर चाललंय. या वेळी हयगय नाही. रोज पहाटे पाचला उठणे.
वही आणली. नाव घातलं. दिवस सत्कारणी लागला.

४ जून
आठला उठलो. टेबल म्हणजे रकाने आणि ओळी. एवढंच! लोक उगाच बाऊ करतात.
मला व्यत्यय नको म्हणून ही चहा ठेवून दार लोटून गेली. मी मॅच बघत होतो. लाज वाटली. आवाज बंद केला.

७ जून
प्रायमरी की: प्रत्येक ओळीची स्वतःची ओळख, दोघींची एक नसते. फॉरेन की उद्या. जॉइन परवा.
ही फोनवर भावाला सांगत होती, यांनी अगदी वाहून घेतलंय. ऐकवेना. बाहेर चक्कर मारून आलो.

१० जून
नुसतं वाचून भागत नाही, हात घालायला हवा. हिच्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या मापांची यादी होती. डेटाबेसात भरली. जुनी फाइल हिला काढून टाकायला लावली. दोन-दोन कशाला?

११ जून, दुपारी
शेजारच्या काकूंची कंबर वाढलीय, तेवढी चौतीस करा, असं ही म्हणाली. माहिती बदलायची आज्ञा, म्हणजे अपडेट, लिहिलं. कुणाची बदलायची ते व्हेअर लावून सांगायचं असतं. ते एंटर मारल्यावर आठवलं.
आता सगळ्यांची कंबर चौतीस.

संध्याकाळी
केलेलं मागे घ्यायचा रोलबॅक म्हणून प्रकार असतो. पण आधी ट्रान्झॅक्शन सुरू केलेलं असावं लागतं. ते मागच्या पानावर होतं, आणि मी ते पान सोडलं होतं.
हिला सांगणार होतो. पण माणूस जेवत असताना असलं काही बोलू नये.

१२ जून
यादीत माप बघून हिने विचारलं, मास्तरीणबाई एवढ्या बारीक कधी झाल्या? डाएट केलं असेल, म्हणालो. हिने कापड कापलं.

१४ जून
एकीचा स्कर्ट कमरेवरून घसरून पायात आला, मास्तरीणबाईंचा गुडघ्यातच अडकला. दोघी एकदमच आल्या. मी आत अभ्यास करत होतो, म्हणजे दाराला कान लावून उभा होतो. ही म्हणाली, "चूक माझीच. परत शिवून देते."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर जाणारच होतो. पण इंटरव्ह्यू तोंडावर आलाय, मन विचलित करून चालणार नाही.

१७ जून
शर्टाला कडक इस्त्री हिनेच केली. जॉइन विचारलं, फॉरेन की विचारली. दोन्हींवर सविस्तर खाकरलो. मग तिथल्या मॅडम म्हणाल्या, समजा अपडेटमध्ये व्हेअर विसरलात, तर आधी काय कराल? इथे माझा अनुभव दांडगा. चटकन म्हणालो, "आधी कुणाच्या लक्षात आलंय का ते बघीन."
त्यांनी पेन खाली ठेवलं. ज्याची माहिती बिघडली त्याला आधी सांगतात, म्हणाल्या. कळवू, असंही म्हणाल्या. मेहुणा लिफ्टपर्यंत आला आणि बटण दाबून परत फिरला.

संध्याकाळी
ही स्कर्ट उसवत बसली होती. कसा झाला, विचारलं. एक प्रश्न फार ओळखीचा होता, म्हणालो. मॅडमचं पटलं होतं. आता सांगून टाकायचं म्हणून शेजारी बसलो, तोंड उघडलं. तेवढ्यात हीच म्हणाली, "अहो, तुमची नोकरी लागली की आधी हा कॉम्प्युटर बदलू. मापं विसरायला लागलाय."
हो म्हणालो.