किमचीचा डबा परत पाठवताना

देजॉन, गुरुवार

प्रिय मालसुकताईस,

धाकट्या योनसिलचा वाकून नमस्कार. भावोजींची कंबर, तुझी झोप आणि चिमुकल्या सोदामचं पोट ठीक असेल अशी आशा करते. (पोटाचं का विचारते ते पुढे येईलच. फोनवर किमचीचा विषय काढताच तू फोन आपटलास, म्हणून हे पत्र.)

तर तुमच्या बेटावरून आलेली, कालवं घातलेली किमची आमच्या दोयुलने बोटं चाटून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पोराला उलट्या-जुलाब सुरू झाले. सासूबाई सुईदोरा घेऊन धावल्या. (अपचन झालं की अंगठ्याला टोचायचं, काळं रक्त आलं की पोर उठून नाचतं म्हणे!) मी सुई हिसकावून म्हटलं, "आई, अहो मी दिवसभर पोरांच्या पोटातले विषाणूच शोधते!" तर म्हणतात, "मग जा की शोधायला, इथे माझी सुई धरून काय बसलीस?"

गेले प्रयोगशाळेत. ताई, लोकांच्या लेकरांच्या शीच्या नळ्या हाताळून मी रोज बाहेर येऊन खुशाल जेवते गं. पण नळीवर दोयुलचं नाव वाचलं आणि रडूच कोसळलं. माझ्यासोबत काम करणाऱ्या बाकबाईंनी मला बाहेर काढलं (आईने हात लावायचा नाही, रडून नमुना बिघडवशील, म्हणाल्या). काचेबाहेरून यंत्राच्या पडद्यावरची रेघ बघत होते (विषाणू असला की ती वर उठते). बराच वेळ आडवी होती. पडून राहा गं बाई, म्हणत होते. मेली उठलीच! नोरोव्हायरस. तिकडे पोर सलाइनवर, ओठ सुकलेले, आई म्हणायचंही त्राण नाही. फार घाबरले गं मी.

आज त्याने पेज घेतली आणि आजीला म्हणाला, "सुई दाखव!" तेव्हा कुठे जिवात जीव आला. तुझा डबा घासून, उकळून परत पाठवते आहे.

तुझी,
योनसिल

ता. क. – उरलेली कालवं बाकबाईंनी तपासली. त्यांतही तोच निघाला. तुझ्या हाताला दोष नाही, ताई, कालवांतच होता. पण किमची कालवताना चार कच्ची कालवं तू तोंडात टाकतेसच, मी ओळखत नाही का तुला? आणि त्याच हातांनी सोदामला घेतेस. एवढीशी आहे गं ती! मला झोप नाही. हात साबणाने खसाखसा धू. तिने दूध टाकलं तर माझी वाट बघू नकोस, तडक दवाखाना गाठ.

आणखी एक – कुणाचा डबा रिकामा परत करू नये, ही आपल्या आईची शिकवण. म्हणून आत तीन नळ्या ठेवल्या आहेत: तुझी, भावोजींची आणि सोदामची. झाकणालाच चमचा आहे. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण तूही त्याच आईची लेक आहेस. रिकाम्या परत पाठवू नकोस.