भामाबाईंच्या सोयाबीनमधले पक्षीथांबे

१४ जुलै, इस्लापूर
आले एकदाची. उमरीहून येताना एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण खोली झकास मिळाली, मोरीसकट. कृषी सहायक म्हणून ही माझी पहिली नेमणूक. चहाच्या टपरीवर नवा जिल्हा कधी होणार यावर वाद रंगला होता. पाऊस कधी येणार हे विचारायचं लोकांनी सोडलंय. घरमालकिणीनं माझ्या दाराला लिंबू-मिरची बांधली होती, ती मी सोडून ठेवली. आमच्या आज्यानं देवाला आणि भुताला एकाच दिवशी निरोप दिला. मी त्यांना परत कशाला बोलावू?

१९ जुलै
गावात हिरवं शेत एकच, भामाबाईंचं. बोअरच्या करंगळीएवढ्या धारेवर बाईंनी सोयाबीन जगवलंय. बाकी सगळ्यांचं करपलं. पुढच्या पेरणीला गावाला बियाणं मिळालं तर ते इथूनच. आणि नेमकी इथंच उंटअळी पडलीय, पानांची पार चाळण. फवारायला पाणी नाही. मी म्हटलं, पक्षीथांबे लावू: काठीला आडवी काठी बांधून रोवायची, पाखरं तिच्यावर बसून अळ्या टिपतात. शेंगा भरल्या की थांबे काढायचे, नाहीतर तीच पाखरं दाण्यावर येतात. भामाबाई लई हसल्या. पावण्याला पाट मांडला की त्यो जेवल्याबिगर उठत न्हाई, मॅडम, म्हणाल्या. उठवायचं माझ्याकडं लागलं, असं सांगून टाकलं.

२७ जुलै
थांबे रोवून झाले. पाखरू एक नाही. दुष्काळात तीही परागंदा झालीत. तरी अळी कमी होऊन राहिलीय. शेजारचे पंढरी याला चमत्कार म्हणतात. मी शास्त्र म्हणते.

६ ऑगस्ट
अळी औषधाला उरली नाही. मी जाम खूश. उन्हं कलताना बांधावर बसले होते. थांब्यांच्या लांब सावल्या पिकावर पडल्या होत्या आणि प्रत्येक सावलीवर काहीतरी बसलेलं होतं, मान खांद्यात घालून. वर पाहिलं तर काठ्या मोकळ्या. ऊन लागलं असेल मला.

२१ ऑगस्ट
भामाबाईंच्या कोंबड्या शेतात शिरल्या त्या आल्याच नाहीत. पीससुद्धा नाही. लोक म्हणतात रानमांजर. मीही तेच म्हणते. पण सावल्यांवर बसलेले आज फुगलेले दिसले.

२ सप्टेंबर
पंढरींची शेळी गेली. दावं तसंच आहे, गाठही सुटलेली नाही. भ्याले मी, खोटं कशाला लिहू. पण बदली मागणार नाही. शेंगा भरल्यात. उद्या थांबे काढणार.

३ सप्टेंबर
काढले. सगळे, एकटीनं. हात सोलून निघाले. मोळी करून जाळली. उन्हं कलली — काठ्या नाहीत, त्यांच्या सावल्याही नाहीत — बसलेले मात्र आहेत. तसेच. माना फिरवून दुसरी जागा शोधत —

५ सप्टेंबर
भामाबाई वाकल्या. खांद्यावर कोण बसलंय, विचारतात. दवाखान्यात काही निघालं नाही. दोन दिवसांत बाईचं चिपाड झालं. त्यांना उन्हात धरून उभं केलं, भिंतीवर सावली पाहिली — नको.
पाट मी मांडला होता. त्यांनी नाही.

६ सप्टेंबर
शेताच्या मधोमध उभी राहिले. हात पसरून, थांब्यासारखी. म्हटलं, बोलावलं मी. म्हातारीला सोडा. इकडं या.
आता पंढरी रस्त्यावरून ओरडत गेले — बाई उठून बसल्या, भाकर मागून राहिल्या. पीकही उभं आहे. बरं झालं. लई बरं झालं.
बांधावर बसून लिहितेय. ऊन पाठीला. वहीवर माझी सावली. डोकं. खांदे. उजव्यावर एक — डाव्यावर — डोक्यावर पण —
जड आहे. असू दे.
निरोप द्यायची सवय आहे आमच्या घराला. तुम्ही उठल्याशिवाय मी इथून हलत नाही. बसा. बघू आधी कोण उठ—