माझी सोय

३ मार्च

तक्रार फेटाळली! दोन वाक्यांत बोळवण. 'सदर कर्मचाऱ्याच्या पायाची अडचण लक्षात घेऊन, तिची सोय पाहूनच तिला नकाशाखोलीत ठेवण्यात आले आहे. भेदभाव आढळून येत नाही.' खाली समितीची सही. समितीत आमचे साहेबच आहेत म्हणा!

म्हणजे मोजणी खात्यात लागल्यापासून मी एकदाही जमीन मोजली नाही, ती माझी सोय. मोजणीवर गेल्याशिवाय निरीक्षक होता येत नाही, तीही माझीच सोय. माझ्यामागून लागलेले तिघं निरीक्षक झाले. त्यांची केवढी गैरसोय झाली असेल, बिचारे.

संध्याकाळी बाबांना वाचून दाखवलं. ते माझ्या डाव्या बुटाला नवा तळ चिकटवत बसले होते. डावा पाय आखूड, म्हणून त्या बुटाला बोटभर जाड तळ — मी चालायला लागले तेव्हापासून. सुतारकाम सोडलं, पण हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलेलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोडू नकोस. वर जा."

तर आता अपील.

७ मार्च

मसुदा लिहिला. फाडला. फार रडका झाला होता.

दुसरा बरा आहे. 'लंगडी' हा शब्द घालावा की नाही यावर अर्धी दुपार गेली. फायलीत मी 'पायाची अडचण असलेली', जिन्यात 'ती लंगडी बाई'. घातला शेवटी. वाचणाऱ्याला कळू दे, कोणाबद्दल चाललंय.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान लांब करून वाचलं. "कशाला गं हे? पंख्याखाली बसायला मिळतंय. ऊन नाही, चिखल नाही. लोक यासाठी वशिला लावतात!"

"मग माझ्यासाठी कोणी लावला?" म्हटलं. दोघी हसलो.

१३ मार्च

साहेब जिन्यात भेटले. "ताई, रागावलात होय? अहो, मी तुमच्या भल्याचंच पाहिलं."

चांगलं झणझणीत उत्तर सुचलं — खाली पोचल्यावर.

२३ मार्च, रविवार

सुनावणीत विचारलं, 'बाई, जमणार आहे का?' तर काय सांगायचं? म्हणून घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर सराव. टेपचं एक टोक बाबांकडे, एक माझ्याकडे. जमीन सगळी उंचसखल, गवत गुडघ्याएवढं.

तिसऱ्या बाजूला माझा पाय खड्ड्यात गेला. पडले. लागलं काही नाही, पण बाबा हातातला टेप टाकून धावत आले! अख्खं माप वाया.

"बाबा, टेप सोडायचा नाही! मी पडले तरी सोडायचा नाही!"

"हो, हो," म्हणाले. पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पुढे माझा पाय जरा कुठे अडखळला की त्यांच्याकडचं टोक हलायचं. तरी चारही बाजू मोजल्या. आकृती काढली, ती बरोबर जुळली. फार बरं वाटलं. इतकं की चहा करताना चक्क गुणगुणत होते.

२८ मार्च

पहिली सुनावणी. अपील अधिकारी एक बाई, सर्दीने बेजार, पण फाईल पान न् पान वाचून आलेल्या. साहेबांनी 'सोय, सोय' चालवलं होतं. बाईंनी नाक पुसलं आणि विचारलं, "ही सोय मागितली कोणी?"

"यांनीच."

"मी? मी दरवर्षी मोजणी मागतेय!"

साहेबांनी फाईल उलटी चाळली, सुलटी चाळली. मग म्हणे, "तोंडी सांगणं होतं, मॅडम. जुनी गोष्ट आहे."

"कोणाचं, ते पुढच्या तारखेला सांगा. यांचं स्वतःचं असेल, तर अपील संपलं. यांना न विचारता दुसऱ्या कोणाचं ऐकून यांना खोलीत बसवलं असेल, तर तो भेदभावच."

साहेबांनी फाईल मिटली. मला तर तिथेच हसू येत होतं.

बाबा बाहेर बाकावर होते. घरी येताना नेहमीसारखं बाबांच्या स्कूटरवर मागे बसून सगळं सांगितलं — "आता साहेब कुठून आणणार माणूस?" आपलं वळण आलं तरी बाबा सरळच निघाले. मी पाठीवर थाप मारली तेव्हा कुठे वळले.

३१ मार्च

बाबा आज म्हणतात, "राहू दे ते अपील. आहे त्यात तुझी सोयच आहे."

मी चिडले. वर जा म्हणणारे हेच! चांगलंच फैलावर घेतलं. ते बुटाचा तळ घासत राहिले. कालच घासून झाला होता तो.

दमले असतील माझ्यामागे धावून. उद्या नीट बोलेन.

४ एप्रिल

अपील मंजूर. सोमवारपासून मोजणीवर.

साहेब नाव सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात दारातून आवाज आला, "मी सांगितलं होतं." बाबा! "हिला नोकरी लागली तेव्हा. कुठे शेतात पडेल, लोक हसतील... म्हणून म्हटलं, साहेब, हिची सोय बघा. हिला विचारलं नव्हतं." बाईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला लावले. त्या शब्दांवरच मी जिंकले.

घरी बसने आले. पहिल्यांदाच. बाबा स्कूटर घेऊन बसच्या मागे होते, दर थांब्यावर थांबत. मला खिडकीतून दिसत होते. मी समोर पाहत बसले.